पहिली डिस्क जाते तेव्हा

भोपाळला माधवराव सप्रे यांच्या नावाचे एक वृत्तपत्र संग्रहालय आहे. १९८४ साली सुरू झालेल्या या संस्थेने जुनी वर्तमानपत्रे आणि मासिके जपून ठेवली आहेत. सप्रे घराणे मराठी. माधवरावांचा जन्म १८७१ साली दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, पुढे ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. त्या काळातला छापील कागद आज हातात घेतला की कडा सुटतात, घडीवर तुकडा पडतो, पण अक्षर वाचता येते. शंभराहून अधिक वर्षे तो विजेशिवाय आणि यंत्राशिवाय टिकला. असा कागद आता ठिकठिकाणी स्कॅन होतो आणि त्याचे चित्र हार्ड डिस्कवर जाऊन बसते. त्या डिस्कची हमी असते बहुधा तीन ते पाच वर्षांची. जपणूक म्हणून आपण मजकूर जास्त टिकणाऱ्या वस्तूवरून कमी टिकणाऱ्या वस्तूवर उतरवतो. तरी हे काम योग्यच आहे, कारण डिस्कवरच्या मजकुराची हुबेहूब प्रत काढता येते, त्या प्रतीची प्रत काढता येते, आणि दहावी प्रतही पहिलीइतकीच स्वच्छ निघते. डिजिटल साठ्याचे सगळे बळ या एका सोयीत आहे. ती वापरली नाही, तर स्कॅन केलेला साठा मूळ कागदाच्या आधी संपेल.

ही सोय शिस्तीने वापरण्याची एक रीत म्हणजे रेड. अनेक हार्ड डिस्क एकत्र बांधायच्या, त्यांचा मिळून एकच साठा संगणकाला दाखवायचा, आणि आतली एखादी डिस्क बंद पडली तरी साठा चालू राहील अशी जादाची माहिती त्यांच्यात वाटून ठेवायची. या पुस्तकाचा विषय एवढाच आहे. जो वाचक पहिल्यांदाच चार डिस्क घेऊन बसणार आहे त्याच्यासाठी ही प्रस्तावना. तो एखाद्या ग्रंथालयाचा कर्मचारी असेल, शाळेतला संगणक शिक्षक असेल, दवाखान्यातल्या नोंदी सांभाळणारा असेल. किंवा घरचाच कुणी असेल. १ नोव्हेंबर १९५६ ला भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली, तेव्हा नागपूरच्या सचिवालयातून कितीतरी मराठी कुटुंबे इकडे आली. त्यांच्या नातवंडांकडे आज आजोबांची पत्रे, लग्नाचे फोटो, नाटकमंडळींच्या ध्वनिफिती यांचे स्कॅन आणि रेकॉर्डिंग एकाच डिस्कवर पडून असते. या सगळ्यांचे येथे स्वागत आहे. गणित फारसे लागत नाही. चिकाटी मात्र लागते.

आधी या कल्पनेचा जन्म सांगतो, कारण पुढच्या सगळ्या अडचणी त्यातच दिसतात. १९८८ च्या जूनमध्ये शिकागोला डेटाबेसवरच्या एका परिषदेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध मांडला. त्या वेळी मोठ्या संगणकांना आयबीएमची ३३८० सारखी प्रचंड डिस्क लागे. तिची क्षमता ७,५०० मेगाबाइट आणि किंमत अफाट. दुसरीकडे घरगुती संगणकासाठी १०० मेगाबाइटच्या लहान, स्वस्त डिस्क बाजारात आल्या होत्या. एका मोठ्या डिस्कच्या जागी पाऊणशे लहान डिस्क बांधल्या तर जागा, वीज, पैसा सगळेच वाचते आणि वेगही वाढतो, असा त्यांचा मुद्दा होता. पण त्यांनी दुसरा हिशेबही लपवला नाही. एका लहान डिस्कचे सरासरी आयुष्य ३०,००० तास धरले, तर अशा १०० डिस्कच्या समूहात कुठली तरी एक डिस्क सरासरी ३०० तासांत बंद पडणार, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत. डिस्क १,००० असतील तर ३० तासांत. स्वस्त वस्तू संख्येने वाढवल्या की बिघाडही संख्येने वाढतो. तेव्हा बिघाड टाळायच्या भानगडीत न पडता तो होणारच असे धरून मांडणी करायची, हा त्यांचा निष्कर्ष. त्या निबंधात त्यांनी पाच पातळ्या सांगितल्या. आजच्या ० आणि ६ या पातळ्या मागून जोडल्या गेल्या.

मांडणीचे मर्म पॅरिटीत आहे, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू. घरखर्चाच्या वहीत पाच रकमा आणि खाली बेरीज लिहिलेली असते. पाचातली एक रक्कम पाण्याचा थेंब पडून पुसली गेली, तर उरलेल्या चार आणि बेरीज यांवरून ती सहज काढता येते. पॅरिटी हीच युक्ती वापरते, फक्त बेरीज शून्य आणि एक या दोनच अंकांची असते आणि हातचा धरायचा नसतो. पहिल्या डिस्कवर १०११ आहे, दुसरीवर ०११०. एकाच जागेवरचे दोन्ही अंक सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १, असा नियम लावला की तिसऱ्या डिस्कवर ११०१ लिहिले जाते. आता दुसरी डिस्क गेली असे समजा. पहिलीचे १०११ आणि तिसरीचे ११०१ यांना तोच नियम लावा: ०११०. हरवलेला मजकूर परत आला. तीन डिस्कऐवजी पाच असोत की आठ, नियम बदलत नाही. हे उदाहरण कागदावर पेन्सिलीने एकदा करून पाहा. पुढची शंभर पाने मग सोपी जातील, आणि रेड ही काही जादू नाही याची खात्री पटेल. एकाच बेरजेतल्या दोन रकमा पुसल्या गेल्या तर एका बेरजेवरून त्या निघत नाहीत. पाचव्या पातळीत अशी एकच बेरीज ठेवतात, आणि तिची सगळी मर्यादा वरच्या वाक्यात आली. सहाव्या पातळीत दुसरी, वेगळ्या गणिताची बेरीज ठेवतात. तिचे मूळ अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० साली मांडलेल्या सांकेतिक पद्धतीत आहे. तिच्यामुळे कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी मजकूर काढता येतो.

बाकीच्या पातळ्या भरभर सांगता येतील. शून्य पातळीत मजकूर सगळ्या डिस्कवर वाटलेला असतो, जादाचे काहीच नसते. एक गेली की सगळे गेले. जपणुकीच्या कामात तिला जागा नाही. पहिली पातळी म्हणजे मिरर: दोन डिस्कवर तोच मजकूर. दोन, तीन, चार आज जवळपास कुणी वापरत नाही. दहा म्हणजे मिररच्या जोड्या करून त्या जोड्यांवर मजकूर वाटणे.

८ टेराबाइटच्या चार डिस्क हाताशी असतील तर पाचवी पातळी २४ टेराबाइट जागा देते, सहावी आणि दहावी प्रत्येकी १६. नवखा माणूस २४ कडे ओढला जातो, आणि दुकानदारही बहुधा तेच सुचवतो. माझे मत उलट आहे. परत न मिळणारी वस्तू साठवायची असेल तर चार डिस्कला सहावी किंवा दहावी पातळीच घ्यावी. दोहोंत फरक असा की सहावीत कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी चालते. दहावीत दोन डिस्क जाण्याच्या सहा शक्यतांपैकी दोन घातक असतात, कारण त्या दोन्ही एकाच जोडीतल्या निघतात. पण दहावीत नवी डिस्क भरताना फक्त तिच्या जोडीदाराची नक्कल करायची असते, गणित करत बसावे लागत नाही, म्हणून ते काम लवकर आटोपते. संग्रहासाठी मी सहावी निवडेन. ज्या संगणकावर दिवसभर लिहिणे-खोडणे चालते त्याच्यासाठी दहावी.

आता ज्या गोष्टीसाठी ही प्रस्तावना लिहायला घेतली तिच्याकडे येतो. भोपाळमध्ये बसून राखीव व्यवस्थांबद्दल लिहायचे आणि २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या, वायुगळतीच्या रात्रीचे नाव घ्यायचे नाही, हे मला जमणार नाही. हार्ड डिस्क आणि माणसांचे जीव यांची तुलना होत नाही, आणि मी ती करत नाही. पण त्या रात्रीने अभियंत्यांना जे शिकवले ते प्रत्येक राखीव व्यवस्थेला लागू आहे, आणि ते या शहरातल्या माणसाने तरी विसरू नये. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनासाठी संरक्षणाच्या एकामागून एक फळ्या होत्या. टाक्या गार ठेवणारी शीतकरण यंत्रणा होती. ती त्या वर्षीच्या जूनमध्ये बंद केली होती. निसटलेला वायू निष्प्रभ करणारा स्क्रबर होता. तो वापराबाहेर, नुसता तयारीत ठेवलेला होता. वायू जाळून टाकणारा मनोरा होता. त्याला जोडणारा नळीचा भाग दुरुस्तीसाठी काढून ठेवला होता. पाण्याचे फवारे होते. त्यांचे पाणी वायू जिथून बाहेर पडत होता त्या उंचीपर्यंत पोचत नव्हते. तीन टाक्यांपैकी ६१९ क्रमांकाची आणीबाणीसाठी राखीव मानलेली होती. गळती झालेल्या ६१० मधले रसायन तिच्यात वळवले गेले नाही. आराखड्यात प्रत्येक फळी होती. बंद पडलेल्या प्रत्येकीमागे त्या वेळी कुणाला तरी पटलेले काही कारण असणार, आणि एक बंद असताना दुसरी आहेच, असा भरवसा असणार. कारखाना मात्र चालू होता, आणि चालू असलेला कारखाना आपल्या किती फळ्या शिल्लक आहेत हे बाहेरून दाखवत नाही.

डिस्कच्या समूहाचेही, म्हणजे अ‍ॅरेचेही, असेच आहे. एक डिस्क गेल्यावर पाचव्या पातळीचा अ‍ॅरे पूर्वीसारखाच चालतो. फायली उघडतात, नव्या फायली लिहिल्या जातात, फार तर थोडा वेग कमी होतो. या अवस्थेला डिग्रेडेड म्हणतात, आणि या विषयातला सर्वात महत्त्वाचा शब्द माझ्या मते हाच आहे. लिनक्समध्ये अ‍ॅरेची स्थिती एमडीस्टॅट नावाच्या छोट्या फाइलीत दिसते. तीत चौकटी कंसात प्रत्येक चालू डिस्कमागे एक यू हे अक्षर असते, आणि गेलेल्या डिस्कच्या जागी एक अधोरेषा. चार यूंच्या जागी तीन यू आणि एक आडवी रेघ, एवढाच फरक. ती रेघ कुणी पाहिली नाही, तर साठा आपल्या शेवटच्या फळीवर महिनोन् महिने चालत राहतो आणि कार्यालयात सगळ्यांना वाटते की आपल्याकडे रेड आहे. दुसरी डिस्क जाते त्या दिवशी माणसे म्हणतात, दोन डिस्क एकदम गेल्या. एकदम क्वचितच जातात. पहिली कधी गेली ते कुणाला कळलेले नसते.

म्हणून अ‍ॅरे बांधल्याच्या दिवशीच, त्यात एकही फाइल टाकण्याआधी, बिघाडाची खबर देणारी व्यवस्था लावायची. एमडीएडीएम हा लिनक्समधला नेहमीचा प्रोग्राम बिघाड होताच ईमेल पाठवू शकतो. चाचणीचा ईमेलही पाठवू शकतो. तो चाचणीचा ईमेल खरोखर पोचतो का आणि कुणाला पोचतो, हे पाहा. संस्थांमध्ये तो बहुधा अशा माणसाच्या पत्त्यावर जातो जो दोन वर्षांपूर्वी सोडून गेला किंवा निवृत्त झाला. दोन चालू माणसांची नावे तिथे हवीत, आणि माणूस बदलला की पत्ता बदलण्याची नोंद कार्यालयाच्या कामाच्या यादीत हवी.

पहिली डिस्क गेली की दुसरी जाण्याची शक्यता नेहमीएवढीच राहते, असे समजणारेही फसतात. २००७ साली एकाच परिषदेत दोन निबंध वाचले गेले आणि दोहोंनीही जुनी गृहीते हलवली. एक बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांचा. हे गिब्सन १९८८ च्या निबंधातलेच. त्यांनी सुमारे १ लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. उत्पादक सरासरी आयुष्याचा जो १० लाख तासांचा आकडा देतात त्यावरून वर्षाला शंभरात एकही डिस्क जाऊ नये. प्रत्यक्षात बदलाव्या लागणाऱ्या डिस्क वर्षाला शेकडा दोन ते चार सर्रास आढळल्या, आणि काही ठिकाणी तेरापर्यंत. शिवाय बिघाड एकमेकांपासून सुटे येत नव्हते. एक गेली की थोड्याच वेळात दुसरी जाण्याचे प्रमाण हिशेबापेक्षा बरेच जास्त निघाले. दुसरा निबंध गुगलमधल्या संशोधकांचा, त्यातही लाखावर डिस्क. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तिला स्मार्ट म्हणतात. बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये या नोंदीतल्या सर्वात बोलक्या चार खुणांपैकी एकही आधी दिसली नव्हती. स्मार्टने धोका दाखवला तर डिस्क बदलावी. पण त्याने काही दाखवले नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

बिघाड जोडीने येण्यामागे अगदी साधी कारणे असतात. भोपाळच्या एम. पी. नगरातल्या एका दुकानातून एका दिवशी चार डिस्क घेतल्या, तर त्यांचे अनुक्रमांकही बहुधा लागोपाठचे असतात. एकाच दिवशी बनलेल्या, एकाच खोक्यातून आलेल्या, एकाच पेटीत, एकाच पंख्याखाली, सारखेच तास फिरलेल्या. त्या एकत्रच म्हाताऱ्या होणार. शक्य तर दोन कंपन्यांच्या, किमान दोन वेगवेगळ्या खेपांच्या डिस्क घ्याव्यात. दुकानदाराला हे विचित्र वाटले तरी सांगावे.

त्यात भर म्हणजे पहिली डिस्क बदलल्यावर नवी भरण्याचे काम, म्हणजे रिबिल्ड, हाच उरलेल्या डिस्कसाठी सर्वात कष्टाचा काळ असतो. ८ टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइटने भरली तरी ४०,००० सेकंद लागतात, म्हणजे अकरा तासांहून जास्त. आणि साठा वापरात असेल तर याच्या कितीतरी पट. तेवढा वेळ उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या कोपऱ्यापासून शेवटच्या कोपऱ्यापर्यंत वाचल्या जातात, वर्षानुवर्षे कुणी न उघडलेल्या फायलींच्या जागाही. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकावर १०० लाख कोटी बिटांमागे एक न वाचता येणारी जागा, असा आकडा असतो. ते साडेबारा टेराबाइट झाले. आपल्याला वाचायचे आहेत २४. प्रत्यक्षात पुष्कळ डिस्क या आकड्यापेक्षा बऱ्या निघतात, पण पाचव्या पातळीत एक डिस्क आधीच गेलेली असताना अशी एकच जागा सापडली तरी तिथला मजकूर काढायला दुसरे साधन नसते, आणि रेड सांभाळणारे काही कंट्रोलर तर तिथेच रिबिल्ड सोडून देतात. सहाव्या पातळीचा आग्रह मी एवढ्यासाठी धरतो.

या जागा आधी शोधून काढण्याचा उपाय आहे. अ‍ॅरे ठरावीक काळाने सगळा वाचून पाहायचा आणि जिथे वाचता येत नाही तिथला मजकूर इतर डिस्कवरून काढून पुन्हा लिहायचा. याला स्क्रब म्हणतात. डेबियन लिनक्समध्ये ही तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर आपोआप सुरू व्हावी अशी योजना पूर्वीपासून आहे. अनेक जण सोमवारी सकाळी संगणक मंद वाटतो म्हणून ती बंद करतात. कृपा करून तसे करू नका. कारखान्यातली शीतकरण यंत्रणा बंद केल्यानेही खर्च वाचतच होता.

डिस्क निवडताना आणखी एक खुबी लक्षात ठेवावी. घरगुती डिस्कला एखादी जागा वाचता आली नाही, तर ती एकटीच्या बळावर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते, कधी मिनिटभर, कधी त्याहून जास्त. लिनक्स मात्र नेमाने ३० सेकंद वाट पाहतो आणि मग डिस्क मेली असे समजून तिला समूहातून काढू शकतो. चांगली डिस्क अशी नाहक बाहेर पडते. रेडसाठी बनवलेल्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानून तसे कळवतात, आणि तो मजकूर बाकीच्या डिस्कवरून काढला जातो. तसेच ज्या डिस्कमध्ये चुंबकीय पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्या रिबिल्डच्या सलग लेखनात फार मंदावतात. २०२० साली अशा डिस्क खोक्यावर तसे न छापता नॅससाठी, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणुकीच्या पेटीसाठी, विकल्या गेल्याचे उघड झाले होते. मॉडेल क्रमांक लिहून घेऊन उत्पादकाच्या यादीत ताडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

विजेचा प्रश्न आपल्याकडे वेगळा सांगायची गरज नाही. पाचव्या आणि सहाव्या पातळीत प्रत्येक लेखन किमान दोन ठिकाणी होते, मजकूर एका डिस्कवर आणि बेरीज दुसरीवर, सहावीत तर दुसरी बेरीज आणखी एकीवर. नेमकी या लेखनांच्या मधल्या क्षणी वीज गेली, तर मजकूर नवा आणि बेरीज जुनी अशी विसंगती राहते, आणि ती तेव्हा दिसत नाही. पुढे कधी डिस्क गेली की त्या चुकीच्या बेरजेवरून चुकीचा मजकूर निघतो. यूपीएस घ्यावा, आणि बॅटरी उतरत आली की संगणक आपणहून बंद होईल अशी तार त्याला जोडलेली असावी. नुसता यूपीएस ठेवून ती तार खोक्यातच राहिल्याचे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. ज्यांना मुळातच उपाय हवा त्यांनी झेडएफएसकडे वळावे. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अ‍ॅरन्स यांनी २००१ पासून रचलेली ही फाइल प्रणाली २००५ मध्ये लोकांसाठी खुली झाली. ती जुन्या जागेवर कधीच लिहीत नाही. नवे पूर्ण लिहून झाल्यावरच त्याच्याकडे बोट वळवते. शिवाय प्रत्येक तुकड्याची पडताळणीची खूण वेगळी ठेवते, त्यामुळे डिस्कने चुपचाप चुकीचा मजकूर दिला तर तोही पकडला जातो. तिला शिकायला थोडा जास्त वेळ लागतो. जपणुकीच्या कामाला मी तीच सुचवतो.

एवढे सगळे केल्यावरही रेड हा बॅकअप होत नाही. हे वाक्य या विषयातल्या प्रत्येक पुस्तकात असते आणि तरी दर वर्षी कुणीतरी ते किंमत मोजून शिकते. फाइल चुकून खोडली तर ती सगळ्या डिस्कवरून एकाच क्षणी खोडली जाते. खंडणीच्या विषाणूने कुलूप लावले तर मिररच्या दोन्ही बाजूंना लागते. आणि आग लागली तर? १२ जून २०२३ ला भोपाळच्या सतपुडा भवनाला तिसऱ्या मजल्यावर आग लागली आणि ती वरच्या मजल्यांवर चढत गेली. आरोग्य संचालनालयासह अनेक कार्यालयांच्या हजारो फायली त्यात गेल्या, आणि आग पूर्ण विझायला रात्र उलटली. अशा मजल्यावरच्या पेटीत चार डिस्क असोत की चाळीस, त्या एकत्रच जळतात. दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत हवी, आणि तिसरी शक्य तर दुसऱ्या शहरात. मोठ्या सरकारी व्यवस्थाही हेच करतात. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची डेटा सेंटरे दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर अशी दूर दूर आहेत, आणि २०१८ साली पाचवे भोपाळला उभारण्याची घोषणा झाली. छोट्या संस्थेला एवढे नको. नागपूरला किंवा इंदूरला एखादी जोडलेली संस्था असेल, तर दोघींनी एकमेकींचा साठा सांभाळावा. खर्च दोन-चार डिस्कचा.

मग रेड कशाला, नुसता बॅकअपच पुरे, असे कुणी विचारेल. घरच्या फोटोंना खरोखर पुरेही; तिथे मी एक चांगला बॅकअप आधी आणि रेड नंतर असेच सांगेन. रेड लागते ती काम थांबू नये म्हणून, आणि दोन बॅकअपच्या मधल्या काळातले नवे काम वाचावे म्हणून. भोपाळमध्ये हा मधला काळ कुणाच्या तरी आयुष्याशी जोडलेला असतो. ९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने वायुपीडितांच्या वैद्यकीय नोंदी संगणकावर आणण्याचा आणि प्रत्येकाला आरोग्य पुस्तिका व स्मार्ट कार्ड देण्याचा आदेश दिला. जुनी नोंद हाती नसली की रुग्णाला आपला आजार कशाचा हे पुन्हा सिद्ध करत बसावे लागते, हे ज्यांनी वर्षानुवर्षे भोगले त्यांच्या लढ्यातून तो आदेश आला. दवाखान्यात सकाळी दहाला नोंदवलेले रक्ताचे निष्कर्ष रात्रीच्या बॅकअपमध्ये जाणार असतात. दुपारी डिस्क गेली तर ते वाचवते फक्त रेड. तसेच २०१४ साली उघडलेल्या रिमेंबर भोपाळ संग्रहालयासारख्या ठिकाणी पीडितांच्या स्वतःच्या आवाजातल्या आठवणी ऐकायला मिळतात. असे ध्वनिमुद्रण ज्या दिवशी होते त्या दिवशी त्याची एकच प्रत असते, आणि बोलणारी माणसे आता वयस्क झाली आहेत. ते आवाज पुन्हा घेता येतीलच असे नाही. हे काम कोरडे तांत्रिक आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हा विचार करावा. मला तरी यापेक्षा जवळचे काम माहीत नाही.

सुरुवात कशी करावी, एवढे सांगून थांबतो. खऱ्या मजकुराला हात लावू नका. लिनक्स असलेला कोणताही जुना संगणक घ्या. चार डिस्क नसतील तर चार रिकाम्या फायली बनवून त्यांनाच डिस्क समजायला लिनक्सला सांगता येते. दुसऱ्या प्रकरणात ती रीत दिली आहे. सहाव्या पातळीचा अ‍ॅरे बांधा, त्यात शंभरेक फोटो टाका, मग एक डिस्क बिघडली असे एमडीएडीएमला सांगा. एमडीस्टॅटमधली आडवी रेघ डोळ्यांनी पाहा. ईमेल आला का ते पाहा. फोटो उघडून पाहा. दुसरीही बिघडवा आणि पुन्हा उघडा. मग दोन्ही नव्याने जोडा आणि रिबिल्डची टक्केवारी शंभरावर जाईपर्यंत पाहत बसा. शेवटी तीन बिघडवा, म्हणजे साठा नेमका कधी जातो हेही कळेल. हे सारे एका रविवारच्या दुपारी होते.

खऱ्या डिस्क बसवण्याच्या दिवशी एक काम आणखी करायचे. प्रत्येक डिस्कच्या अंगावर छापलेला अनुक्रमांक मोठ्या अक्षरांत चिठ्ठीवर लिहून, डिस्क ज्या खणात जाते त्याच्या दर्शनी बाजूला ती चिठ्ठी चिकटवा, आणि तीच यादी वहीत लिहा. लिनक्स डिस्कना जी नावे देतो ती संगणक पुन्हा सुरू झाला की बदलू शकतात, म्हणून त्या नावांवर भिस्त ठेवू नका. बिघाडाच्या दिवशी माणूस घाबरलेला असतो, आणि पाचव्या पातळीच्या डिग्रेडेड अ‍ॅरेतून गेलेल्या डिस्कऐवजी शेजारची चांगली डिस्क ओढली की साठा तिथेच बंद पडतो. ईमेलमधला अनुक्रमांक आणि खणावरचा अनुक्रमांक एकाने मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने ताडायचा, आणि मगच खण ओढायचा.